हिरो तोच, अन् मी त्याची माय?

पत्र:

नाना, मी धुळे जिल्ह्यातली. वय 36. सीडीचा जमाना संपत आला होता आणि यूट्यूब नुकतं गावागावात पोहोचत होतं, तेव्हा अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंत मी हिरोईन होते. नऊ-दहा गाणी केली. मग लग्न, घरात सासूबाई, दोन मुलं, थायरॉईड. वजन 52 वरून 74 वर गेलं. गेल्या महिन्यात जुन्या डायरेक्टरचा फोन आला, वेबसिरीज करतोय म्हणे. 'बहीण, रोल भारी शे, पन मायना शे.' हिरो कोण, तर ज्याच्यासोबत मी लळिंगच्या किल्ल्याखाली नाचले तोच! तो आता 41 चा आहे. मी त्याची आई? जुन्या गाण्याखाली लोक लिहितात, 'हाई तीच शे का? कितली जाडी व्हई गई वं माय!' मोबाईलवर सारखे नटनट्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो येतात. कोणी तीस किलो उतरवतं, कोणी पैलवान होतं. जिममधला पोरगा म्हणतो, एक इंजेक्शन आहे, दोन महिन्यांत वीस किलो उतरवून देतो, मग हिरोईनचाच रोल मागा. पार्लरवाली म्हणते, गाल भरून देणारे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. मिस्टर म्हणतात, सोड ते सगळं. परवा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने जुनं गाणं पाहिलं आणि विचारलं, 'मम्मी, ही खरंच तू आहेस?' मी काय करू?

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहा घेता घेता, आणि 'मी त्याची आई?' इथे हसू आलं, माफ करा. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपासून वर वाचत आलो. तेव्हा चहा तसाच राहिला.

नवे वाचक असतील म्हणून सांगतो, मी काही डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही. तीस-बत्तीस वर्षं जळगाव-भुसावळकडच्या हौशी नाटकांना रंगभूषा केली. विशीतल्या पोरांना साठीचं केलं आणि साठीतल्या हट्टी माणसांना विशीचं करता करता हात टेकले. चेहरा कसा बदलतो आणि बदलल्यावर माणूस आरशासमोर कसा बसतो, एवढं मात्र फार जवळून पाहिलंय.

आधी तुमचा राग घेऊ. तो रास्त आहे. 41 चा बाप्या हिरो आणि 36 ची बाई त्याची माय, हे कोणत्या गणितात बसतं? पण तुमच्या डायरेक्टरने नवं पाप केलेलं नाही हो, जुनंच केलंय. नर्गिस आणि सुनील दत्त, दोघांचा जन्म जून 1929 चा, मधे पाच दिवसांचं अंतर. 1957 च्या 'मदर इंडिया'त ती माय आणि तो लेक. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं! राखी अमिताभपेक्षा जवळपास पाच वर्षांनी लहान. 1976 साली 'कभी कभी'मध्ये ती त्याची प्रेयसी, आणि 1982 च्या 'शक्ती'त त्याची आई. आपल्या रीमा लागू 'वास्तव'मध्ये संजय दत्तच्या आई झाल्या, त्या त्याच्यापेक्षा मोठ्या किती, तर एक वर्षाने. रोहिणी हट्टंगडी 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई, आणि वयाने त्याच्यापेक्षा चांगल्याच लहान. हिरोने केस काळे करायचे, पोटावर जाकीट घालायचं आणि वीस वर्षं हिरोच राहायचं. बाईने मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतर थेट लुगडं नेसून पाटावर बसायचं. हा भेदभाव आहे आणि त्याला भेदभावच म्हणायचं. तुम्हाला राग आला म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही.

पण ताई, त्या रागाच्या भरात जिममधल्या पोराकडे जाऊ नका.

मोबाईलवर जे दोन फोटो शेजारी-शेजारी येतात ना, त्यांच्या मधली रेघ नीट बघा. केसाएवढी बारीक असते. त्या रेघेत काय काय दडलंय ते कोणी दाखवत नाही. 'दंगल'साठी आमिर खानने वजन सत्याण्णव किलोपर्यंत नेलं. आधी म्हाताऱ्या महावीरसिंगचं शूटिंग उरकलं, मग काम थांबवून काही महिने वजन उतरवलं आणि तरुणपणाचे कुस्तीचे सीन नंतर केले. का, तर शेवट जाडेपणावर झाला असता तर वजन उतरवायची ओढच राहिली नसती. आपल्या अतुल कुलकर्णींनी 'नटरंग'साठी उलटी वाट धरली. आधी पंधराएक किलो वाढवून पैलवान गुणा उभा केला, मग तेवढंच उतरवून नाच्या. 2010 साली जानेवारीत तो सिनेमा लागला तेव्हा मी पडद्याकडे बघत होतो ते खांद्यांकडे. चेहऱ्याला रंग लावता येतो, खांद्यांना नाही लावता येत. भूमी पेडणेकरने 2015 च्या पहिल्याच सिनेमासाठी वजन चांगलंच वाढवलं आणि नंतर उतरवलं.

या तिघांनी शरीर बदललं ते भूमिकेने मागितलं म्हणून, आणि भूमिका हातात आल्यावर. तुम्ही भूमिका मिळावी म्हणून बदलायला निघालात. शिवाय त्यांच्यासाठी अख्खं युनिट थांबत होतं, आहार ठरवून देणारं माणूस होतं, व्यायाम करून घेणारा होता आणि वजन उतरवणं हेच त्या महिन्यांतलं त्यांचं काम होतं. तुमच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं. ते आलं की सगळं सोडून हंडे भरायचे, दोन डबे करायचे, सासूबाईंची पोळी वेगळी. ही तुलनाच खोटी आहे.

हिशेब सांगतो. डॉक्टर मंडळी आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरणं बरं मानतात. दोन महिन्यांत चार ते आठ किलो झाले. तो पोरगा वीस सांगतोय. आणि थायरॉईडचं म्हणाल तर त्याने वाढणारं वजन सहसा थोडकं असतं, बावीस किलो सगळे त्याच्या माथी मारता येत नाहीत. शेवटची टीएसएच तपासणी कधी केली? वर्ष उलटलं असेल तर या आठवड्यात करून घ्या. गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेता की चहाबरोबर? बऱ्याच बायका चहाबरोबर घेतात आणि गोळी लागूच पडत नाही म्हणतात. पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-एक तासाने. वजन हळूहळू उतरवा, जरूर उतरवा, गुडघ्यांसाठी उतरवा. शूटिंगच्या तारखेसाठी नको.

इंजेक्शन कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही दोन नावं सध्या सगळीकडे आहेत. 2025 मध्ये वेगोव्ही आणि मौंजारो या नावांनी ती आपल्याकडे वजनासाठी आली. औषधं खरी आहेत, पण डॉक्टरच्या चिठ्ठीची. मळमळ, उलट्या होतात, चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि घरात कोणाला थायरॉईडचा विशिष्ट कॅन्सर झालेला असेल तर ती चालत नाहीत. ही विचारपूस डंबेल उचलणाऱ्या पोराने करायची नसते. आणि त्याच्याकडे दुसरंच काही बिननावाचं असेल तर मग बोलायलाच नको.

गाल भरायचं पार्लरवालीकडे सोडून द्या. चेहऱ्यात सुई घालणारा माणूस महिन्यातून एकदा येतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो, मग दुसऱ्या दिवशी गाल सुजला तर कोणाला फोन करणार? बोटॉक्सबद्दल तर मला रंगभूषाकार म्हणून हसूच येतं. ते स्नायूला तीन-चार महिने झोपवतं. कपाळाला आठी पडत नाही. नटाने आठी न पडणारं कपाळ पैसे देऊन घ्यायचं?

इथे मला ललिता पवार आठवतात.

येवल्याच्या. म्हणजे आपल्या दारातल्याच, येवल्याहून मनमाड आणि मनमाडहून चाळीसगाव. जन्म 1916 चा. तुम्ही-आम्ही त्यांना ओळखतो ते कजाग सासू म्हणून, पण त्या मूकपटांच्या काळापासूनच्या नायिका होत्या. देखण्या, नाचणाऱ्या, गाणाऱ्या. 1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायचा सीन होता. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तीन वर्षं उपचार चालले. बऱ्या झाल्या, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. वय किती होतं? सव्वीस. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, ताई.

नायिकेची कामं गेली. मग सासू, मावशी, नणंद, घरमालकीण. आणि तो बारीक झालेला डोळा असा काही चालू लागला की थिएटरात बायका बोटं मोडायच्या. माझी आजी सिनेमा बघून घरी आली की दोन दिवस ललिता पवारांना शिव्या द्यायची, जणू त्या आमच्याच गल्लीत राहतात. पण त्याच डोळ्याने त्यांनी 1959 च्या 'अनाडी'त मिसेस डिसा केली. वरून खेकसणारी आणि आतून लोण्यासारखी. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. 'श्री 420'मधली केळेवाली आठवते का? राज कपूरशी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करणारी. आणि सत्तरी ओलांडल्यावर टीव्हीवरच्या 'रामायणा'त मंथरा. तेव्हा आमच्या गावात एकच रंगीत टीव्ही होता आणि रविवारी सकाळी अंगणात पन्नास माणसं. त्या पन्नासांत एकालाही ठाऊक नव्हतं की ही बाई एके काळी नायिका होती.

हे सांगून 'झालं ते बऱ्यासाठी' असं मला म्हणायचं नाही. अजिबात नाही. ती थप्पड वाईटच होती, त्या तीन वर्षांत त्या बाईने काय सोसलं असेल ते तिचं तिला. मला एवढंच दिसतं की जुना चेहरा परत येणार नाही हे पक्कं झाल्यावर त्यांनी नव्या चेहऱ्याला कामाला लावलं. आणि दर वेळी वेगळ्या कामाला.

याच्या उलटही आपल्या जवळच घडलंय. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे ते उगाच नाही. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले, गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे घेतले. पुढे स्त्री-भूमिकांत त्यांच्यासारखं कोणी झालं नाही. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या. वय वाढलं, अंग सुटलं, तरी रंगमंचावर ते भामिनी आणि रुक्मिणी होत राहिले आणि लोक बघत राहिले, कारण गळा तोच होता आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात दहाव्या रांगेतून सगळं माफ असतं. मग कॅमेरा आला. 1937 साली पन्नाशीला टेकलेले बालगंधर्व पडद्यावर मीराबाई झाले. सिनेमा चालला नाही. नाटकाचा प्रेक्षक जे माफ करतो ते कॅमेरा करत नाही, आणि तुमचं सगळं काम कॅमेऱ्यापुढचं आहे. वीस किलो उतरले आणि तुम्ही पुन्हा ओढणी उडवत केळीच्या बागेत पळालात, तरी लोक 23 वर्षांच्या तुमच्याशी तुलना करतील. तुमच्या त्या दहा गाण्यांनीच ती सोय करून ठेवली आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर हिरोईनचा रोल मागू नका. मायचा घ्यावा की नाही, ते मात्र अजून ठरलेलं नाही, कारण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. ती माय करते काय?

डायरेक्टरला हेच विचारा. किती सीन आहेत ते नंतर. माय काय करते? दारात ताट घेऊन ओवाळते, लेक तुरुंगात गेला की पदर डोळ्याला लावते आणि चौथ्या भागात खाटेवर मरते, असं असेल तर सरळ नाही म्हणा. असली माय करायला 36 ची कशाला, कोणीही चालेल. पण लेकाला घराबाहेर काढत असेल, जमिनीच्या वाटणीत भाऊबंदांना पुरून उरत असेल, खोटं बोलत असेल, कोणाला फसवत असेल, तर मग जीव आहे त्यात. घ्या. आणि अजून एक विचारा. मायऐवजी मोठी वहिनी केली तर गोष्ट मोडते का? मोडत नसेल तर मायच का, हे त्याने सांगावं. कदाचित त्याने विचारच केलेला नसेल. बऱ्याचदा नसतो.

पैशाचं स्पष्ट बोला. आपल्याकडे 'बहीण' म्हटलं की मानधन अर्ध्यावर येतं, हा माझा जुना अनुभव. हिरोला दिवसाचे जितके तितके मिळणार नाहीत, ठाऊक आहे, पण तुमचा आकडा कागदावर असू द्या, व्हॉट्सॲपवर तरी. आणि थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणाऱ्या चित्रावर, तुमचा फोटो आणि नाव असेल ही अट घाला. अहिराणी व्हिडिओ कसे उघडले जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लोक तुम्हाला ओळखतात, म्हणून तर त्याने फोन केला. 'हाई तीच शे का?' असं विचारणारे सगळे पहिल्या दिवशी व्हिडिओ उघडणार आहेत. त्या कॉमेंटखाली वाटलं तर एकदाच लिहा, 'हाव, मीच शे.' मग पुढचं वाचू नका.

मिस्टरांचं थोडक्यात. 'सोड' म्हणतात ते तुम्हाला लोक बोलतात हे त्यांना सोसत नाही म्हणून, की तुम्ही घराबाहेर पडता म्हणून? दोन्हीला 'सोड' हाच शब्द असतो. बसून विचारा.

आता समजा तुम्ही हो म्हणालात. मग माझ्या धंद्यातलं चार शब्द ऐका, कारण इथे मला राहवत नाही.

ऐन उमेदीत म्हातारं होणं ही कमीपणाची गोष्ट नाही, उलट कसब तिथेच लागतं. अनुपम खेर 'सारांश'मध्ये निवृत्त मास्तर झाले तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते, तो त्यांचा सुरुवातीचाच सिनेमा. डोक्यावरचे केस गेलेले, आणि ज्या टकलामुळे हिरो होता येत नव्हतं तेच कामी आलं. श्रीराम लागू पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. 1970 च्या डिसेंबरात 'नटसम्राट' उभा राहिला तेव्हा ते 43 चे होते. त्यांचे गणपतराव बेलवलकर बघणाऱ्याला म्हाताऱ्याचा मेकअप दिसला नाही, म्हातारा दिसला.

आणि हे न जमल्याचं उदाहरण माझंच आहे. आमच्याकडे एक हौशी संच होता, मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये प्रयोग. आजीचं काम करणारी पोरगी एकवीस वर्षांची. मी घाईत तिच्या केसांना झिंक ऑक्साइड चोपडलं, कपाळावर तपकिरी पेन्सिलने पाच आडव्या रेघा ओढल्या, झाली आजी. दुसऱ्या अंकात घाम सुटला. पांढरा ओघळ कानावरून मानेवर आणि मानेवरून चोळीवर. आजी रडत होती आणि प्रेक्षक हसत होते. सगळ्यात वाईट म्हणजे तिचे हात! चेहरा सत्तरीचा आणि ताट उचलणारे हात कोवळे, नखांना गुलाबी पॉलिश. तिसऱ्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, 'आजीनं पार्लर कोनतं शे?' त्या पोरीने नंतर नाटकच सोडलं. चूक माझी होती.

तेव्हापासून एक शिकलो. सुरकुती वरून काढायची नसते, ती आधीपासून असते. माणसाला कपाळाला आठ्या घालायला सांगायच्या, डोळे बारीक करायला सांगायचं, जिथे कातडी स्वतःहून दुमडते नेमकं तिथेच बारीक ब्रशने गडद रेघ द्यायची आणि तिच्या कडेला जरा उजळ छटा. मग रेघ हलते, बोलताना मिटते, हसताना उघडते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी तशीच. गाल उगाच खोल करायचे नाहीत, तुमचे भरलेले गाल राहू द्या. खान्देशातली साठीची बाई काय वाळकीच असते का? चांगली भरलेली असते, भाकरी थापून दंड मजबूत असतात. तुमचं 74 किलो इथे तुमच्या बाजूने आहे. केसांना पांढरं मुळाशी, भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कानावर. टोकाला नको. मेंदी लावणारी बाई असेल तर टोकाला लाल आणि मुळाशी बोटभर पांढरं, हे तर आपल्याकडे घरोघर बघा. आणि हात. बांगड्यांच्या वरपर्यंत हातांना रंग, नखं कापलेली, आंगठ्याच्या पेराशी भाजीचे काळे डाग. कॅमेरा जवळून हातच बघतो.

पण खरं वय चेहऱ्यात नसतंच, ते उठण्या-बसण्यात असतं. माझी आई खापरावर मांडे करून उठायची ती तीन हप्त्यांत. आधी डावा हात गुडघ्यावर. मग उजवा हात जमिनीवर, तिथे थोडं थांबायचं, 'कानबाई माय' असं आपल्या खान्देशच्या देवीचं नाव घ्यायचं. आणि मग एकदम सगळं अंग वर. उभी राहिल्यावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी पदर सावरायचा, म्हणजे गुडघ्याला तेवढा वेळ मिळतो. तो पदर डोक्यावरून पडलेला नसायचाच मुळी! हे मला ती गेल्यावर कळलं. तुमच्या घरात सासूबाई आहेत. आठ दिवस त्यांच्याकडे नुसतं बघा. बोलू नका, बघा. त्या कोणत्या हाताने गुडघा धरतात, सुई ओवताना मान किती मागे नेतात, लेकावर चिडल्या की त्याच्याकडे बघतात की भिंतीकडे. तुमच्या 41 च्या लेकाला पडद्यावर धाक वाटला पाहिजे, तो मेकअपने वाटणार नाही. तो नाचताना तुमच्या तालावर नाचत होता हे तुम्हाला आठवत असेलच. त्यालाही आठवू द्या.

राहिली मुलगी.

तिला स्मिता पाटीलबद्दल सांगा. वडील शिवाजीराव पाटील आपल्या शिरपूरचे. 1977 साली 'भूमिका' आला तेव्हा स्मिता जेमतेम 21-22 वर्षांची होती, आणि त्या एका सिनेमात ती कोवळ्या पोरीपासून थकलेल्या, पोक्त बाईपर्यंत सगळी वयं जगली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते थकलेपण तिने कुठून आणलं कोण जाणे. खऱ्या आयुष्यात ती त्या वयाला पोहोचलीच नाही. डिसेंबर 1986 मध्ये ती गेली तेव्हा 31 ची होती. तिचे आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो शेजारी लावायला काही उरलंच नाही.

तुमच्या मुलीने 'ही खरंच तू आहेस?' असं विचारलं, ते तुम्हाला टोचलं. मला त्यात टोमणा दिसत नाही. अकरा वर्षांच्या पोरीला आई म्हणजे डबा आणि शाळेची वही, एवढंच माहीत असतं. लळिंगच्या किल्ल्याखाली ओढणी उडवणारी बाई तिने पहिल्यांदा पाहिली, तिला नवल वाटलं. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. बहुतेक दिलं नसेल.

येत्या रविवारी तिला घेऊन आरशासमोर बसा, दुपारच्या उजेडात, खिडकीशी. भुवयांची तपकिरी पेन्सिल तिच्या हातात द्या. तुम्ही कपाळाला आठ्या घाला, अगदी सासूबाई दूधवाल्यावर चिडतात तशा, आणि तिला सांगा की जिथे दुमड पडेल तिथेच रेघ ओढायची, जास्तीची एकही नाही. चुकली तर कापसाला तेल लावून पुसा आणि पुन्हा काढू द्या. पेन्सिलचं टोक जरा बोथट करून घ्या, पोरींचा हात जड असतो.

तुमचा,
नाना